चार कोटी वर्षांचा चिखल

चिमूटभर चिखल द्या, त्याचं वय सांगतो! हे मी लग्नात सांगितलंय, वाढदिवसाला सांगितलंय, न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालूनही सांगितलंय. कुणी विचारलेलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

माझं कामच ते. समुद्राच्या तळातून काढलेला चिखल काचेवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यात डायटम शोधायचे. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारे समुद्री जीव. ते मरतात आणि त्यांची नक्षीदार टरफलं तळाशी साचत जातात. कुठली जात कधी अवतरली, हे आम्हाला पाठ असतं. चिखलात सापडलेली सर्वांत अलीकडची जात धरायची. चिखल तिच्याहून जुना असूच शकत नाही. पणजोबांच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही स्वतः लाडू खाताना दिसलात, तर ते लग्न पणजोबांचं नाही. इतकं सोपं!

पण इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी आणलेलाच चिखल बघत आलोय. जहाजावर पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही! या वेळी मात्र साहेब म्हणाले, "या नमुन्याचं वय जो बरोबर काढेल, तो पुढच्या मोहिमेत जहाजावर." जागा एक, उमेदवार दोन: मी आणि आमच्या ज्युनिअर मॅडम. मॅडमनी त्यांच्या वाटच्या चिखलावरून आकडा दिलाही होता, चार कोटी वर्षं.

आणि नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेचं रंगकाम निघालं! मी सूक्ष्मदर्शक, काचा, चिखलाच्या डब्या सगळं उचलून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं.

"आम्ही जेवायचं कुठे?" बायकोने विचारलं.

"दोन दिवस उभ्याने जेवा. विज्ञानासाठी!"

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांनी टेबलाकडे बघत पदर खोचला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सकाळी पहिली काच लावली आणि ओरडलोच! जुनी टरफलं होतीच, पण त्यांच्यात एक जात अशी, जी फार तर एक कोटी वर्षांपूर्वीची. दुसऱ्या काचेत तीच. तिसऱ्या काचेत तर तिचं सगळं खानदान! म्हणजे मॅडम तब्बल तीन कोटी वर्षांनी चुकल्या होत्या. बिचाऱ्या!

"एकदा नीट बघून घे," बायको म्हणाली. तोवर मी साहेबांना फोन लावला होता. साहेबांनी समुद्रात तळ खणत उभ्या असलेल्या जहाजाच्या कप्तानाला लावला. चिखल कोवळा निघाला म्हणून आणखी खोल खणायचं ठरलं. दुपारी बैठक. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

बैठकीत माझे डायटम भल्यामोठ्या पडद्यावर झळकले. मॅडमनी शांतपणे हात वर केला. "सर, रिकामी काच बघितलीत?"

आमच्याकडे रीतच आहे. नमुन्यांबरोबर एक काच चिखलाशिवाय तयार करायची. तिच्यात काही दिसलं, तर कचरा बाहेरून आलाय. ही रीत मॅडमना शिकवली कुणी? मीच! आणि विसरलं कोण? जाऊ द्या.

"आत्ता दाखवतो!" म्हणत मी घरून आणलेल्या खोक्यातली कोरी काच ऐटीत लावली. पडदा डायटमनी गच्च भरला.

"या काचेचं वय काय धरायचं?" साहेबांनी विचारलं. "एक कोटी?"

कप्तानाला पुन्हा फोन गेला. जहाजावर मॅडमचं नाव गेलं. मी खोकं उचलून घरी आलो.

"माझ्या चिखलाला हात कुणी लावला?" दारातूनच मी गरजलो.

"शी! चिखलाला हात कशाला लावू?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही गोड चहा सांडून ठेवलात, जावईबापू. मुंग्यांची ही रांग! मी नुसती वरून पावडर भुरभुरवली. डब्यांत, काचांवर, खोक्यात. मीठ टाकतात तशी, बेताची."

मी सासूबाईंच्या पावडरच्या डब्यातली चिमूट धुतलेल्या काचेवर घेतली आणि बघितली. सगळं खानदान हजर! मुंग्या मारायची ती पावडर म्हणजे निव्वळ डायटमची दळलेली टरफलं.

"आई, अहो, ही पावडर एक कोटी वर्षांपूर्वीची आहे!"

"तरीच!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "एक मुंगी मरेल तर शपथ! मुदत संपलेला माल गळ्यात मारला हो तुमच्या दुकानदाराने!"

त्या बिचाऱ्याने काही गळ्यात मारलं नव्हतं. तो दुसरी पावडर देत होता. हीच हवी म्हणून मी हट्ट धरला होता, आणि तिच्यात डायटम कसे असतात यावर त्याला अर्धा तास व्याख्यानही दिलं होतं.