केरबाआण्णा आणि तोंडाची तार

"जेवायलंय नुस्तं. बोलंना काय."

माझ्या पाठीमागून आवाज आला. भट्टीशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज. तो कुजबुजला तरी शेडच्या पत्र्याला ऐकू जातं. शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीत नोकरीचा माझा पहिला दिवस होता. क्वालिटीच्या ऑफिसात मी एकटीच डबा उघडून बसले होते आणि सकाळपासून कुणाशी तीन वाक्यंही बोलले नव्हते. मेथीचा घास तोंडातच थांबला. पहिल्याच दिवशी, इतकं तोंडावर?

"अवो म्याडम, तुमास्नी न्हवं. तुमी जेवा निवांत. ह्या पावण्याला म्हंतोय."

पावणा म्हणजे माझ्या सीपीयूवर आडवा पडलेला एक मोबाईल. केबल लावलेली, पडद्यावर नुसतं चार्जिंगचं चिन्ह. "अर्धा तास झाला येऊन. करंट खायलंय, पर संगं काय आनलंय ते सांगंना. सोयऱ्याच्या घरात असं वागत्यात व्हय?"

मी डबा बाजूला सारून मोबाईलवर 'फक्त चार्जिंग' होतं ते बदलून 'फाइल ट्रान्सफर' केलं. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं.

"आगागा! बोललं की!" आणि मग दाराकडे वळून, बाहेरच्या सगळ्या शेडला ऐकू जाईल असं, "नवी म्याडम बोलत न्हाय, पर बोलतं करती!"

हे केरबाआण्णा. राहणार उचगाव, घरी दोन म्हशी, डोक्याला पांढरी टोपी, ती भट्टीच्या काजळीने करडी झालेली. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून जे भाग तयार होतात त्यांना आम्ही कास्टिंग म्हणतो, आणि आमचं प्रत्येक कास्टिंग ट्रकमध्ये चढण्याआधी आण्णांच्या हातून जायचं. बाजारात मडकं घेणारी बाई जशी बोटाने वाजवून बघते, तसं ते छोट्या हातोडीने कास्टिंग वाजवायचे. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर बाजूला. मग सगळ्या अंगाने निरखायचे आणि शेवटी कोपऱ्यात पंचाने 'के' असा ठसा मारायचे.

"ठसा मारला म्हंजे शब्द दिला," असं त्यांचं म्हणणं. "शब्द कधी माघारी येतो व्हय?"

एकदा मला जुन्या फायलीत माघारी आलेल्या एका कास्टिंगचा कागद सापडला. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला, मग घडी करून मला परत दिला. "त्या दिवशी मी मेव्हन्याच्या लग्नाला गेलतो. ठसा दुसऱ्यानंच मारला. कुनी त्ये मला ठावं हाय, पर त्यो आता ह्या जगात न्हाय, म्हनून नाव घेत न्हाय."

वर्षभरापूर्वी मुलीने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि तेव्हापासून आण्णा प्रत्येक कास्टिंगचे फोटो काढायला लागले, सगळ्या कोपऱ्यांचे, सगळ्या बाजूंचे. दिवसातून चारदा केबल घेऊन माझ्या टेबलाशी हजर. "रेकॉर्ड पायजे म्याडम. उद्या कोन म्हनलं केरबानं बघितलं न्हाय, तर?" कास्टिंग घासून साफ करणारी माणसं त्यांची टर उडवायची. "आण्णा, लोखंडाचं प्री-वेडिंग करताय व्हय?" आण्णा मोबाईलवरून नजर न हलवता म्हणायचे, "तुज्या लग्नातल्या फोटूपरास बरं येतंय. लोखंड तोंड वाकडं करत न्हाय."

केबलला ते दावं म्हणायचे आणि ती तंबाखूच्या चंचीत ठेवायचे. त्यामुळे तिच्या टोकात कायम तंबाखू अडकलेली असायची. एकदा त्यांची केबल खराब झाली, म्हणून त्यांनी कॅन्टीनमधून दुसरी आणली. मोबाईल चार्ज होईना असं नव्हतं, पण काही केल्या फाइल उघडेनात. मी सांगितलं की काही केबल फक्त चार्जिंगपुरत्याच असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतात. आण्णांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आपली जुनी केबल ब्लेडने उभी चिरली. आत चार तारा निघाल्या: लाल, काळी, हिरवी, पांढरी. मग कॅन्टीनवाल्याला न विचारता त्याचीही चिरली. आत दोनच.

"हात तिच्या! ह्येला पोटाची तार हाय, तोंडाची न्हाय!"

त्यानंतर आठवडाभर ते दोन्ही चिरलेल्या केबली खिशात घेऊन फिरत होते. ज्याला त्याला थांबवून दाखवायचे. कॅन्टीनवाल्याला नवी केबल मिळाली, तीही चार तारांची, आणि वर व्याख्यान. मी हे त्यांना शिकवलं होतं, पण दोन दिवसांनी त्यांनी तेच मला शिकवलं, इतक्या उत्साहाने की मी पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला.

मोबाईल जोडला की त्याच्यावर प्रश्न यायचा: अनुमती द्यायची का? हा प्रश्न आण्णा फार मनावर घ्यायचे. मी घाईत 'द्या' दाबायला गेले तर माझा हात अडवायचे. "थांबा. परवानगी मालकानं द्यायची." टोपी सारखी करून, एकदा माझ्याकडे आणि एकदा कॉम्प्युटरकडे बघून, मग अंगठ्याने दाबायचे. आदल्या दिवशी कॉम्प्युटर मध्येच बंद पडला असेल तर मुद्दाम 'नाकारा' दाबायचे आणि एक मिनिट थांबून पुन्हा सुरुवात करायचे. "कळू दे की त्येला बी."

काम संपल्यावर केबल काढायची तर आधी 'येतो' म्हटलं पाहिजे. पेनड्राईव्ह सांगून काढावा लागतो हे त्यांनी पाहिलं होतं. मोबाईलला ते लागत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "पेनड्राईव्हला मान आन् मोबाईलला न्हाय?" शेवटी ते स्वतःच मोबाईलच्या वतीने "येतो बरं का" म्हणायचे आणि मगच केबल ओढायचे. एकदा मी एकटी असताना माझा मोबाईल काढताना मीही तसं म्हटलं. कुणी ऐकलं नाही हे आधी पाहून घेतलं.

मी सुचवलं होतं की फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत जा, एवढ्या फेऱ्या कशाला. आण्णांनी नकारार्थी मान हलवली. "व्हॉट्सॲप फोटू पिळून पाठवतंय. ऊस घाण्यातनं काढल्यावर हातात काय राहतंय? चिपाड. दाव्यानं आनला की अख्खा ऊस येतोय." तांत्रिक दृष्ट्या हे अगदी बरोबर होतं. मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इमेज कॉम्प्रेशनची इतकी सोपी व्याख्या ऐकली नव्हती.

मग खुर्ची ओढून ते स्क्रीनला नाक लावून बसायचे. "मोठं करा. आनि मोठं. आनि." एक दिवस ट्रॅक्टरच्या एका ब्रॅकेटच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "हितं."

मी पाहिलं. राखाडी लोखंड होतं. आणखी मोठं केलं. आणखी राखाडी लोखंड.

"केसागत चीर हाय. दिसंना?"

मी नाही अशी मान हलवली. ते उठून तोच ब्रॅकेट घेऊन आले. त्याला रॉकेल लावलं, फडक्याने कोरडा पुसला आणि वर खडू फासला. थोडा वेळ आम्ही दोघं त्या पांढऱ्या लोखंडाकडे बघत बसलो. हळूहळू खडूवर एक ओली रेघ उमटली, केसाएवढी, बरोबर त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे.

"डोळं सगळ्यास्नी असत्यात," आण्णा म्हणाले. "बघायचं कुठं, त्ये ठावं पायजे."

ऑफिसातलं काही मी घरी सांगत नाही. त्या दिवशी जेवताना आईला सांगितलं, रेघ कशी उमटली ते ताटात बोटाने काढूनसुद्धा दाखवलं. आई म्हणाली, "एवढं बोललीस आज!"

ऑडिट जवळ आलं आणि नोटीस लागली. माल घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीची अट होती: ऑफिसच्या कुठल्याही कॉम्प्युटरला मोबाईल किंवा पेनड्राईव्ह जोडायचा नाही. दुपारी एक माणूस येऊन सगळे यूएसबी पोर्ट बंद करून गेला आणि वर पिवळी पट्टी चिकटवून गेला. आण्णा दाव्यासकट आले, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"दावनच मोडली की," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता मॅनेजर जाधवसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन पत्रे हादरवतील. पण ते परत शेडमध्ये गेले.

दोन दिवसांनी मी रिपोर्ट घेऊन शेडमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या बाजूला न तपासलेल्या ब्रॅकेटचा ढीग कमरेएवढा झाला होता. आण्णा दाराच्या उजेडात उभे होते. हातात ब्रॅकेट, आणि मान अशी तिरकी की कोंबडी दाणा बघते तसे ते लोखंडाकडे बाजूने बघत होते. हातोडीने वाजवलं, ऐकलं, अंगठा फिरवला, पुन्हा वाजवलं. पंच खालीच पडला होता.

माझी चाहूल लागल्यावर म्हणाले, "बाळ, हितं काय दिसतंय का बघ जरा."

त्यांनी मला मॅडम सोडून दुसरी हाक कधी मारली नव्हती. आणि ब्रॅकेटच्या त्या कोपऱ्यात चीर नव्हती, चांगला बोटभर खड्डा होता. तो मला लांबूनही दिसला होता.

मी काही विचारलं नाही. कदाचित म्हणूनच त्यांनी सांगितलं.

"दोनी डोळ्यांत मधोमध धूर बसलाय. कडंनं दिसतंय, मधी न्हाय. दवाखान्यात इंजेक्शनं झाली. आता वाढायचा न्हाय म्हंत्यात, पर गेलेलं काय माघारी येत न्हाय. मोठं केलं की मातर समदं दिसतंय बघ."

"मोबाईलवरच मोठं करून..." मी म्हटलं.

"खिडकीतनं हत्ती बघितल्यागत हुतंय त्ये. आन् भिंग घेऊन बसलो तर अख्ख्या शेडला कळंल, केरबा आंधळा झाला. तुज्या कॉम्प्युटरम्होरं बसलो की मानसं म्हंत्यात, आण्णा मॉडर्न झालाय." ते हसले, पण आवाज पत्र्यापर्यंत गेला नाही. "साहेबास्नी कळलं तर गेटवर बसवतील. गेटवर बसून मी काय करू? येनाऱ्या-जानाऱ्या गाड्यास्नी ठसा मारू?"

घरी सांगितलंय का, असं मी विचारलं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हशीस्नी सांगितलंय."

ऑडिटच्या आदल्या दिवशी जाधवसाहेब शेडमध्ये आले. मला बोलावून घेतलं. ढीग आता खांद्याला लागला होता आणि ट्रक बाहेर उभा होता. साहेब माणूस वाईट नाहीत; आवाजसुद्धा चढवला नाही.

"आण्णा, वय झालं आता. किती दिवस उभं राहणार? उद्यापासून गेटवर बसा, सावलीत, आरामात. फायनल तपासणी मॅडम बघतील. शिकलेल्या आहेत, डोळे तरुण आहेत."

आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. हातोडी आणि पंच उचलले, आपल्या शर्टाला नीट पुसले आणि माझ्यापुढे धरले. घासणारी माणसं मशिनं बंद करून बघत उभी राहिली. टर उडवणाऱ्यांतला एकही हसत नव्हता.

साहेबांनी ढिगातला एक ब्रॅकेट उचलून माझ्या हातात दिला. "घ्या, सुरुवात करा. सांगा, ओके का रिजेक्ट?"

मला मराठी येत नाही असं नाही, घरी आम्ही मराठीच बोलतो. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि चारचौघांत बोलायचं झालं की वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत जुळतं, मग मराठीत येतं, आणि तोवर विषय बदललेला असतो. 'ओके' म्हणायला मात्र काहीच लागलं नसतं. दोन्हीकडे शब्द एकच, शिवाय साहेबांना तोच हवा होता.

मी ब्रॅकेट उजेडात धरला. फिरवला. माझे डोळे चांगले आहेत, चष्मासुद्धा नाही. लोखंडावरचा कण न् कण मला स्वच्छ दिसत होता, आणि त्यातला कुठला बघायचा ते माहीत नव्हतं. शेजारी आण्णा हातोडी धरून उभे होते. ज्या माणसाने हेरलेली रेघ मी घरी ताटात बोटाने काढून दाखवली होती, तो जमिनीकडे बघत होता.

मी हातोडी घेतली नाही. ब्रॅकेट त्यांच्या हातात दिला आणि साहेबांकडे वळले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"सर, माझ्या कॉम्प्युटरचा पोर्ट उघडून द्या. मला यात काही दिसत नाही. आण्णांना दिसतं."