टाकीतले बिनतिकीट

आमच्या गल्लीत इतर कोणी घरी आलं की आधी ओट्यावर टेकतं, चहा होतो, मग विषय निघतो. भटूनाना आले की सरळ न्हाणीघरात शिरतात. हातात विजेरी, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. पिंपाचं झाकण उचलायचं, उजेड टाकायचा आणि पाण्याला दरडावायचं, "चला, तिकीट दाखवा." अळी दिसली की शिट्टी वाजते. ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते आणि त्या घरच्या बाईला पुढचे काही दिवस खाली मान घालून भाजी आणावी लागते.

नाना एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी नंदुरबार-तोरणमाळच्या घाटात गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म धरतात किंवा राजकारण धरतात. नानांनी डेंगीचा डास धरला. त्यांचं शास्त्रही एसटीतूनच आलेलं. "डास ते फक्त गाडी शे, मास्तर," ते मला सांगत. "ताप एकना घर चढस, दुसराना घर उतरस." आजारी माणसाला चावलेली डासाची मादी आठ-दहा दिवसांनी ताप वाटायला लागते, ती भर दिवसा चावते, फार लांब उडत नाही आणि अंडी घालते ती आपण जपून साठवलेल्या चांगल्या पाण्यात, हे त्यांनी गल्लीला इतक्यांदा सांगितलं की गल्लीनं ऐकणंच सोडलं.

गल्लीचं दुखणं वेगळं होतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्याच्या घरी पिंपं जास्त तो मातबर. अशा भरल्या घरात रोग जन्मतो म्हणजे काय? रोग गटारीत जन्मतो, आणि गटार नेहमी शेजाऱ्याची असते. "शिव्या देतस गटारले, आन पाळना बांधतस टाकीमा," असं म्हणून नाना पुढच्या घरात घुसत. धुराची गाडी आली की आम्ही दारंखिडक्या घट्ट लावून घेत असू आणि गच्चीवरून तिचा व्हिडिओ काढत असू. बाहेर धूर, आत डास, दोघेही आपापल्या जागी सुखरूप राहत.

भाद्रपदात माझा मेव्हणा सुरतेहून आला तो अंगात ताप घेऊनच. बहिणीच्या हातचं खाल्लं की बरं वाटेल म्हणून गाडीत बसला होता. तो ओट्यावर बाज टाकून भरदुपारी झोपला असताना नाना आले आणि त्यांनी त्याच्यावर मच्छरदाणी बांधायला घेतली. गल्ली पोट धरून हसली. ज्याला डासानं आधीच खाल्लंय त्याला आता कसली मच्छरदाणी? नाना म्हणाले, ही त्याच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. मेव्हण्यानं ती लाथेनं उडवली. माझी बायको वंदना मात्र पेटली. माझ्या भावाला कोंबडीसारखं टोपलीखाली झाकतात म्हणजे काय, असं तिनं सुनावलं आणि त्या दिवसापासून नानांशी बोलणं टाकलं.

मेव्हणा बरा होऊन सुरतेला गेला. पुढच्याच पंधरवड्यात वंदना तापली.

डेंगी निघाला. प्लेटलेट रोज खाली. गल्लीच्या ग्रुपवर पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध आणि किवी यांच्यात निवडणूक लागली होती आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून पार हादरलो होतो. नाना तिथे आले, कोणाला काही न विचारता खाटेखाली वाकून बघितलं, मग दिवसाढवळ्या वंदनावर मच्छरदाणी बांधली. या वेळी तिनं ती ढकलली नाही. तेवढं बळच नव्हतं तिच्यात.

मग नानांनी गल्ली उलटीपालटी केली. कूलर, टायर, फ्रिजमागचा ट्रे, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं. शिट्टी एकदाही वाजली नाही, कारण भीतीनं आता सगळ्यांनीच पिंपं घासली होती. तरी डास होतेच. कुठून येतात ते कळेना.

वंदना घरी आली, उठून बसू लागली. एका सकाळी नाना आले ते न्हाणीघराकडे गेलेच नाहीत. ओट्याखाली उभे राहिले आणि विजेरी तिच्यापुढे धरली.

"पोरी, मन्हं घर देखी ले. तू देख. मन्हा डोयासले तठे काहीच दिसत नही."

नानांची बायको, आमची नानी, गेल्या हिवाळ्यात वारली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सण झाला की ती घागर पाणेरीवर, रोजच्या हंड्या-कळशांत येते आणि वापरात जाते. नानांची देवघराच्या कोपऱ्यात तशीच होती, वर आडवा ठेवलेला लोटा. उभ्या संसारात या माणसानं घरात हंडाभर पाणी भरलं नव्हतं. ड्युटीवरून यायचं आणि नानीनं पुढे केलेला तांब्या घ्यायचा. आता रोज सकाळी तिच्या घागरीत तांब्याभर ओतत होते. वरून ओतायचे, रिकामी कधीच करायचे नाहीत. आमच्यात न् त्यांच्यात एकच भिंत.

वंदनानं लोटा सरकवून उजेड टाकला. पाणी नुसतं वळवळत होतं. नानांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली, वाजवली नाही. अशक्त होती, म्हणून घागर मी उचलली. पाणी परसात कोरड्या मातीवर ओतलं, तिनं आतून घासली आणि उन्हात पालथी घातली. नाना दाराशी पाठ करून उभे होते.

"आते ती पानी कठे पिई?"

महिनाभर ज्यांच्याशी अबोला होता त्यांच्याशी वंदनाच बोलली. "सांजले आपन भरूत, नाना. फडकं बांधीसन. आन दर आठवडाले मी घासी दिसू."

घागर वाळेपर्यंत त्यांना घरात जायचं नव्हतं, म्हणून ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. वंदनानं आमच्या पिंपातून तांब्या भरून पुढे केला. नानांनी तो आत न बघता तोंडाला लावला.