बस, बसा आणि टेबल सॉ

सुतार बोलवायचा नाही, असं मी ठरवलं. एरवी काही ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. ऑफिसात ठरवायला साहेब आहेत, घरात बायको आहे आणि दोघांच्या तावडीतून काही उरलंच तर आई आहे. पण त्या रविवारी सकाळी मला काय अवदसा आठवली कोण जाणे, चहाचा कप खाली ठेवून मी म्हणालो, "तुझं टेबल मी करणार."

बायको मुद्रितशोधन करते. म्हणजे लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांतल्या चुका काढते. (माझ्याही काढते, पण त्या हौसेने.) हे काम इतकी वर्षं ती इस्त्रीच्या टेबलावर करत आली. मला शर्ट इस्त्री करायचा असला की तिने कागद आवरून उठायचं, असा आमच्याकडचा रिवाज. तिच्या वडिलांचं पुस्तकांचं दुकान बंद झालं तेव्हा तिने एकच वस्तू मागून आणली होती : काउंटरची जाड, एकसंध फळी. त्या फळीवर कोपरं टेकून ती वाचायला शिकली. तिचं टेबल करून खिडकीशी ठेवायचं हे बायकोच्या मनात फार दिवस होतं, पण फळी रुंदीला चार बोटं जास्त भरत होती. (बोटांचा संबंध इथूनच सुरू होतो.)

मेहुण्याने घर बदललं तेव्हा त्याचा टेबल सॉ आमच्या मागच्या शेडमध्ये आणून ठेवला होता. टेबल सॉ म्हणजे एक लोखंडी टेबल, त्याला मधोमध फट आणि फटीतून डोकं वर काढलेली गोल करवत. लाकूड आपण ढकलत न्यायचं, करवत जागच्या जागी फिरते. काम सोपं दिसत होतं.

"फळी एकच आहे," बायको म्हणाली.

मी आधी यंत्राची देखभाल केली. म्हणजे फडक्याने पुसलं, दिसेल त्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि पात्यामागे उगाच उभी असलेली एक पोलादी पट्टी पुसताना मध्ये येत होती, ती काढून खिडकीत ठेवली. तोवर बायकोने यंत्राचं माहितीपुस्तक उघडलं होतं. हातात लाल पेन होतंच.

"हे ऐका. 'पाते फिरत असताना बोटे त्याच्याजवळ न्यावीत.'"

"मग?"

"'न न्यावीत' हवं. एक 'न' राहिलाय."

"एका अक्षराने काय आभाळ कोसळतंय?"

"एक 'न' राहिला तर बोट राहत नाही," ती म्हणाली आणि समासात खूण केली.

मी जाड हातमोजे चढवून पुढे झालो. ते तिने उतरवायला लावले. मोजा पात्यात अडकला तर हाताला सोबत घेऊन जातो म्हणे. मग बाह्या दुमडल्या, डोळ्यांवर गॉगल, कानांवर टोप्या. फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. शेवटचा भाग हाताने नाही, काठीने पुढे ढकलायचा.

"पुढे ढकलण्यात तुमचा हात कोण धरणार!" बायको म्हणाली.

यंत्राच्या पोटाशी थांबवायचं लाल बटण होतं. पण ऐनवेळी मला माझा चष्मासुद्धा सापडत नाही, म्हणून भिंतीवरचा स्विच बायकोने सांभाळायचा असं ठरलं. आता प्रश्न इशाऱ्याचा.

"मी म्हणेन, 'कृपया यंत्र थांबवण्यात यावे,'" मी सुचवलं.

"तुमचं 'कृपया' होईपर्यंत अंगठा जाईल. 'बस' म्हणा. एकच शब्द, ओरडून."

मी काउंटरची फळी टेबलावर चढवली. बायकोने स्विच दाबला. पातं गरगरलं, भुसा उडाला, फळी सरळ रेषेत चिरत निघाली आणि मला स्वतःबद्दल जो आदर वाटू लागला तो मला पूर्वी कधीच वाटला नव्हता.

तेवढ्यात दारात आई आली. हातात सरबताचा पेला. यंत्राच्या वर आवाज चढवून ती ओरडली, "अरे, बस जरा! दमला असशील!"

बायकोने खटकन स्विच बंद केला. मी आईकडे वळलो, माझ्याबरोबर फळीही थोडी वळली आणि थांबता थांबता पात्याने तिला घासलं. जळका वास आला.

"का थांबवलंस?" मी कानावरची टोपी वर करून विचारलं.

"तुम्ही 'बस' म्हणालात ना?"

"मी कुठे? आई म्हणाली!"

"का? माझ्या मुलाला मी बसही म्हणू नये?" आई म्हणाली.

आईला नियम समजावून सांगितला. यंत्र चालू असताना तो शब्द उच्चारायचा नाही. फळी मागे घेऊन पुन्हा सुरू केलं. टीचभर पुढे गेलो असेन, तोच आई पिशवी घेऊन हजर. मावशीकडे निघाली होती. नियम तिच्या पक्का लक्षात होता, पण तो या शब्दालाही लागू आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"दार लावून घे गं! माझी बस चुकेल!"

खटकन स्विच बंद.

आता मात्र माझा पारा चढला. "सुरू कर," मी म्हणालो.

"आधी फळी मागे घ्या. पुस्तकात लिहिलंय, पातं लाकडात असताना—"

"पुस्तकात चुका आहेत, तूच म्हणालीस! कर सुरू!"

तिने नाइलाजाने स्विच दाबला. पात्याने फळी पकडली आणि माझ्या बरगडीशेजारून ती अशी सुटली की तिचा वाराच तेवढा मला लागला. मागच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या गादीत ती धप्पकन शिरली. मी पुढे सरकवलेली गोष्ट माझ्याकडेच परत येणं हे ऑफिसात रोजचं आहे. पण इतक्या वेगाने एकही फाइल आली नव्हती.

"बोटं दाखवा," बायको म्हणाली. मी दोन्ही पंजे पुढे केले. ते तिने उलटसुलट करून पाहिले, आणि मग गादीपाशी जाऊन फळीवरून हात फिरवला. त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली. फळी शाबूत होती. चिरेच्या कडेला फक्त एक काळा डाग पडला होता.

"हे काय आहे?" खिडकीतली पोलादी पट्टी उचलत तिने विचारलं.

"ते उरलं."

"उरत नसतं, अहो! हिच्यामुळे चीर उघडी राहते, नाहीतर लाकूड पात्याला चिमटा घेतं. व्हा बाजूला."

तिने आधी प्लग काढला. पट्टी जागेवर बसवली, पात्याचे दात ब्रशने साफ केले, माझं तेल पुसून काढलं, पातं फळीच्या जरासंच वर राहील इतकं खाली घेतलं. मग गॉगल लावून, बाजूला उभी राहून, त्याच चिरेतून सुरुवातीपासून फळी सोडली. मी स्विचपाशी. तिची फळी कुठेही डगमगली नाही. शेवटचा भाग काठीने पुढे गेला, चार बोटांची पट्टी अलग झाली आणि ती ओरडली, "बस!"

मी बसलो.

मागे स्टूल होतंच. चांगला टेकून बसलो. यंत्र घोंघावत होतं आणि बायको माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने गुडघ्याने लाल बटण दाबलं.

"बसलात काय?"

"तू म्हणालीस, बस."

"मी तुम्हाला 'बस' म्हणेन? 'बसा' नाही म्हणणार?"

"म्हटलं, आज करवत तुझ्या हातात आहे. आलीस एकेरीवर."

ती आधी रागावली आणि मग तिला इतकं हसू आलं की तीच खाली भुशात बसली. मीही हसलो. फळी कापली गेली होती, दोघांचे हात जागेवर होते. आणखी काय हवं होतं?

टेबल आता खिडकीशी आहे. पाय तिनेच जोडले. उजेड कागदावर पडतो, इस्त्रीसाठी तिला कोणी उठवत नाही आणि काम करताना ती मधूनच फळीवर कोपरं टेकते तेव्हा मला फार बरं वाटतं. परवा मेहुणा आला. त्याने कडेवरून बोट फिरवलं आणि काळ्या डागाशी थांबला.

"ताई, हा का ठेवलास? एक सूत आणखी कापलं असतं तर गेला असता."

मी कान टवकारले. माझ्या धडपडीची आठवण म्हणून ठेवलाय, असं काहीतरी ती म्हणेल अशी माझी खात्री होती.

"चूक मूळ लेखकाची आहे," बायको कागदावरून डोळे न काढता म्हणाली. "त्याला विचारल्याशिवाय आपण काढत नाही."

"मग विचार की! भावोजी इथेच तर आहेत."

"केव्हाच विचारलंय. ते म्हणाले, बघू."