लॅपटॉपातलं तण

माझी बायको सिंधू आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लॅपटॉपमधून शेजारच्या पगाऱ्यांचं नाव काढणं. शनिवारची संध्याकाळ होती. गॅसवर पिठलं होतं. मी चष्मा लावून इंग्रजी अक्षरं जुळवली, तिनं माऊस धरला. बाण पगाऱ्यांवर नेला आणि मला विचारलं, "काढू ना?"

"काढ की. मला काय विचारते, माझे काय ते सोयरे हायेत?"

तिनं बटण दाबलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "उद्या सांगून येते त्यांना."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्यावर मी रडगाणं लिहिणार नाही. मला फक्त सांगायचंय की ही बाई काय चीज होती.

आमचा मखमलाबादला मळा होता. मेथी, कोथिंबीर, कडेनं झेंडू. माल मी काढायचो, बाजारात बसायची ती. दिवसभर बडबड. मळा गेला तिथं आता बंगले झाले, आणि आम्ही पाथर्डी फाट्याकडं बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आलो. मला बरं वाटलं. दार लावलं की कुणी ओळखत नाही. मी मुळातच कमी बोलतो. बोललो तर लोकांना लागतं.

आमची लेक लता मस्कतला दिलेली. जाताना तिनं जुना लॅपटॉप ठेवला, हॉलमध्ये नेटचा डबा बसवून दिला. दर रविवारी ती त्यात दिसायची. पण लॅपटॉप बेइमान. आपला डबा सोडून बिल्डिंगीत ज्याचं नेट घावेल त्याला चिकटायचा. तेव्हा लोक नेटला पासवर्ड लावत नव्हते. मग बोलता बोलता लता थिजायची, तोंड उघडं ठेवून. सिंधू त्या चित्राशी बोलत राहायची. "अगं तोंड मिट, माशी जाईल."

शेवटी लतानंच फोनवर रोग सांगितला. "आई, तो शेजाऱ्यांची नावं लक्षात ठेवतो. यादी उघड आणि ती काढून टाक." कसं काढायचं तेही शिकवलं.

दुसरं कुणी असतं तर काढून मोकळं झालं असतं. सिंधूनं कपाळाला हात लावला. "म्हणजे इतके दिवस आपण लोकांचं वापरलं? आणि आता न सांगता तोडायचं?"

"मशीन हाय ते, सिंधू."

"असू द्या. विहीर का बोलते?"

आमच्याकडं मळ्यात रीत होती. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या विहिरीवर मोटर टाकली, तर ती उचलताना त्याच्या घरी जाऊन सांगायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही. सिंधूनं ती रीत नेटला लावली. नाव काढलं की सकाळी वाटीत काहीतरी घेऊन त्या घरी हजर. "तुमचं नाव काढलं हं आमच्यातनं. राग नका मानू. लय उपयोग झाला."

लोकांना आधी काही कळायचंच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, आम्ही सोसायटीतनं त्यांचं नाव कमी केलं. त्यांनी सेक्रेटरीला फोन लावला. तोवर सिंधू आत बसून त्यांच्या सासूचे गुडघे बघत होती.

यादीत एक नाव होतं 'टायगर'. हा कोण, कुठं राहतो, पत्ता नाही. सिंधू लापशीची वाटी घेऊन एकेका मजल्यावर विचारत फिरली, "तुमच्यात टायगर कोण हो?" वरच्या मजल्यावर निघाला. बँकेतला किरकोळ क्लार्क, एकटा राहणारा, जिन्यात कुणी आलं की भिंतीला चिकटून वाट देणारा. त्याला एवढी लाज वाटली की दारातच "सॉरी काकू" म्हणाला. ती तिथंच बसली. लापशी त्यानं तिच्यासमोर खाल्ली. तेव्हापासून सगळी बिल्डिंग त्याला टायगरसाहेब म्हणते.

गंमत अशी, की काढलेली नावं परत यायची. आज टायगर काढला, आठ-दहा दिवसांनी टायगर हजर.

"अगं, हा तर काढला होता."

"तणासारखं हाय ते," ती म्हणायची. "उपटलं तरी येतं. आपण उपटत राहायचं."

मी शेतकरी माणूस. तणावर माझा विश्वास बसला. सकाळी ती वाटी घेऊन निघाली की मी मागनं ओरडायचो, "निघाली कलेक्टरीण दौऱ्यावर." दुपार झाल्याशिवाय परत यायची नाही. आली की कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी पाल निघाली, सगळं सांगायची. मी पेपर धरून बसायचो. ऐकायचो, पण तसं दाखवायचो नाही.

दिवस-पाणी झालं, लता येऊन परत गेली. रविवारी मी एकटाच लॅपटॉपसमोर बसलो. लता दिसली. एकदाही थिजली नाही.

"नाना, आवाज नीट येतोय?"

"येतो. आता काय अडचण नाय. तुझी आई गेल्यापासनं यादीत एक तण उगवलं नाय. मशीनला पण कळलं वाटतं."

मला वाटलं, लता परत थिजली. मग तिनं डोळे पुसले.

"नाना, काढलेलं नाव आपोआप येत नसतं. कुणाला तरी ते परत जोडावं लागतं."

"कोण जोडील? घरात आम्ही दोघंच."

"तुम्ही दुपारी झोपायचात ना."

मी पडद्याजवळ सरकलो.

"मीच शिकवलं तिला. तुम्हाला सांगू नको म्हणाली. म्हणायची, या बिल्डिंगीत कामाशिवाय कुणाचं दार वाजवता येत नाय, लता. बाजारात बसलेली बाई मी. तुझे नाना दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातले दोन मीठ कमी हाय म्हणून."

मी लॅपटॉप मिटला. लताला 'ठेवतो' म्हणायचंही राहिलं.

सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि एक मजला चढून टायगरची बेल दाबली. त्यानं दार अर्धं उघडलं. एका गालाला दाढीचा साबण तसाच.

"काय काका? काही काम होतं?"

"काम काही नाही," मी म्हणालो, आणि आत जाऊन बसलो.