सुदामभाऊंचं पन्नीशी वैर

लग्नात लोक नवरानवरीला पाकीट देतात; आमचे सुदामभाऊ स्टीलचे दोन पेले देतात आणि नवरदेवाच्या कानात काहीतरी सांगतात. ते ऐकून नवरदेवाचा चेहरा असा उतरतो, की फोटोवाल्याला पुन्हा 'हसा' म्हणावं लागतं. भाऊंचं हळू बोलणंही मंडपाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, त्यामुळे सल्ला सगळ्यांना पाठ आहे. "पन्नीतला गरम च्या पेशील, तं पाळना हालनार नाई, बाप्पा!"

भाऊ रिठदला आमच्या शेजारी राहतात. सोयाबीन-तूर पिकवतात. प्लास्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नी म्हणतात आणि ती त्यांची सख्खी वैरीण आहे. कुण्या डॉक्टरचं बोलणं त्यांनी मोबाइलवर ऐकलं: प्लास्टिकचे डोळ्यांना न दिसणारे कण अन्नापाण्यातून माणसाच्या अंगात जातात, पुरुषाच्या बीजापर्यंत पोचतात, त्यानं मूल होण्यात अडचण येत असावी, अजून शोध चालू आहे. यातलं 'असावी' भाऊंनी वाटेतच सोडून दिलं.

गावच्या पाळण्यांची एवढी काळजी करणाऱ्या भाऊंना स्वतःला मूल नाही. गावानं त्याचं खापर केव्हाच त्यांच्या बायकोच्या, कांताबाईंच्या डोक्यावर फोडलंय. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला डिंकाचे लाडू करून देणारी ही बाई. पण ओटी भरायची वेळ आली की तिला कुणीतरी चुलीपाशी पिटाळतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

भाऊ मात्र आपल्या मोहिमेवर. फाट्यावरच्या हॉटेलातून शेतावर चहा न्यायचा तर तो पन्नीत गाठ मारून मिळतो. भाऊ तिथल्या बाकड्यावर ठाण मांडून बसतात. नवीन लग्न झालेला पोरगा दिसला की थैलीतून कडीचा डबा काढून त्याच्यापुढे धरतात. एकदा हॉटेलवाला कावला. "भाऊ, माहं गिऱ्हाईक कायले भडकावून राह्यले?"

"लेका, याले पोट्टे झाले तं तुह्यंच गिऱ्हाईक वाढन नं!"

हॉटेलवाला विचारात पडला. आता तो स्वतःच विचारतो, "डबा आनला का?"

पेरणीआधी आमच्याकडे सोयाबीनचे दाणे ओल्या बारदानात गुंडाळून उगवण बघतात. भाऊ ते बारदान पारावर चारचौघांत उलगडतात आणि गरजतात, "याची तपासनी करता, मंग मानसाच्या बियान्याची काहून नाई? पेरनी फसली का सगये जमिनीले शिव्या देते!" बाया तोंडाला पदर लावून पळतात. मी पळत नाही. मला ऐकायचं असतं.

एकदा ते माझ्या स्वयंपाकघरात शिरून लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत डोकावत होते. मी चिडले. "भाऊ, तुमच्या चष्म्याचं भिंग बी प्लास्टिकचंच हाय!"

"थे नाकावर हाय वयनी, पोटात नाई."

यंदा माझ्या सुनेचं डोहाळजेवण होतं. भाऊंनी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आणून टाकले आणि एखादी पन्नी घरात शिरते की काय म्हणून दारातच खुर्ची टाकून बसले. मी कांताबाईंना ओटी भरायला पुढे बोलावलं. त्यांनी नारळ उचलला, तोच माझ्या आतेसासूबाई म्हणाल्या, "तू राहू दे वं कांता. लेकुरवाळीले भरू दे."

कांताबाईंचा हात तसाच थांबला. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

"आत्याबाई, दोष तिच्यात नाई. डॉक्टरनं आमची दोघाईची तपासनी केलती. दोष माह्यात हाय. जलमभर पन्नीतला च्या पेलो मी!"

मी कांताबाईंना हाताला धरून पुढे नेलं. त्यांनी सुनेची ओटी भरली, तेव्हा त्यांच्या हातातले तांदूळ थोडे खाली सांडले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पंगती उठल्यावर भाऊ ओसरीवर एकटेच पान चघळत बसले होते. मी विचारलं, "भाऊ, खरंच पन्नीनं झालं का?"

"डॉक्टरले इचारलं मी. थो म्हने, कायनं झालं थे सांगता येत नाई." ते पहिल्यांदाच खरोखर हळू बोलत होते. "नुसतं 'माह्यात दोष हाय' म्हनायले जीभ रेटत नव्हती, वयनी. हे पन्नीचं आयकलं, तवा कुठं धीर आला."

"अन् कांताबाईले मालूम होतं?"

"पयल्या दिवसापासून. गावानं तिले नाई नाई थे म्हनलं. पन तिनं आपल्या मायले बी सांगतलं नाई."