शून्य तारे काऊन नाही?

गोंदियाजवळच्या मुर्रीतले आमचे शेजारी पटलेकाका ऑनलाइन वस्तू मागवतात त्या वापरायला नव्हे, चिडायला, असं माझं ठाम मत होतं. खोकं फोडलं की काका अंगणात येऊन, मोबाईल तोंडाशी धरून अभिप्राय बोलत. तो कंपनीला पोचो न पोचो, गल्लीला पोचायचा.

"हेडफोन घेऊ नका! डोक्स्याले चिमट्यावानी धरते, अन् आवाज विहिरीतून आल्यावानी येते! एक तारा!" मग माझ्याकडे वळून, "शून्य काऊन देऊ देत नाही गा हे लोक? फुकटचा एक तारा कायले द्यायचा?"

बोललेलं टाइप करताना फोनने 'डोक्स्याले'चं 'डॉक्टर साले' केलं होतं. मी दाखवलं. "राहू दे," काका म्हणाले, "तेही खरंच आहे."

मग स्पीकर आला. "एवढा मोठा डब्बा, अन् आतमंधी मच्छर!" तक्रार ऐकायला कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. "सर, प्रॉब्लेम क्या है?" काका कडाडले, "प्रॉब्लेम ये है कि तुम्हारा स्पीकर बोलता नहीं, बुदबुदाता है!"

गेल्या महिन्यात मंदिरांच्या स्थापत्यावरचं एक जाडजूड, रंगीत चित्रांचं पुस्तक आलं. काका ते घेऊन लालबुंद होऊन माझ्या दारात.

"सारा देश छापला, अन् आपल्या नागऱ्याचं शंकराचं देऊळ नाही! लेखक डोळे गोंदियाच्या स्टेशनावर ठेवून फिरला का?"

मला हसू आवरेना. त्यांना शांत करावं म्हणून मी म्हटलं, "काका, ते जाऊ द्या. ते हेडफोन तुम्हाला नको असतील तर मला द्या." त्यांनी ते लगेच आणून दिले. मी गाणं लावलं आणि थक्कच झालो. तबल्याची थाप न् थाप स्वच्छ!

"काका, आवाज तर झकास आहे!"

"तुले झकास आहे," काका पायरीवर बसले. "तुझ्या काकूले नाही."

कुणी काही बोललं की काकू नुसत्या हसून मान हलवतात, हा मी त्यांचा स्वभाव समजत होतो.

"कानातलं मशीनही लावून पाहिलं. डॉक्टर म्हणे, आता उपयोग नाही. रेडिओ ऐकत भाजी निवडायची गा ती. आता नुसती निवडत राहते." पुस्तकावरून हात फिरवत ते म्हणाले, "नागरा माहेर तिचं. ऐकू नाही येत तं पाहील तरी, म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्कूटर बाहेर काढली. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून मागे बसल्या. निघण्याआधी काका पूर्ण मागे वळले आणि आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत काहीतरी म्हणाले. काकूंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. काका चिडले नाहीत. चेहरा आणखी जवळ नेऊन त्यांनी तेच परत म्हटलं, तशा काकू खुदकन हसल्या आणि त्यांच्या खांद्यावर एक चापट मारून पदर सावरू लागल्या.

मी फाटकाशीच उभा होतो. मला काहीच ऐकू आलं नाही.