चौधारीचे वकीलसाहेब

आमच्या शेजारचे लिंबाजीआप्पा सुनेशी थेट बोलत नसत. ते अंगणातल्या वेलाशी बोलत आणि सुनेनं ते ऐकायचं, असा त्या घरचा कायदा होता. सकाळी वेलासमोर उभे राहून ते खड्या आवाजात म्हणत, "वकीलसाहेब, काल वरणात मीठ हाजिर नव्हतं. जरा लक्ष असू द्या." आतून प्रज्ञाचा आवाज येई, "वकीलसाहेब, मीठ होतं. तंबाखूनं जिभेला कळलं नसेल." आप्पा वेलाकडं बघून मान डोलवत. "उलटतपासणी लई कडक हाय," म्हणत आणि बाजेवर जाऊन बसत.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमचे हे उदगीरहून नव्या कचेरीत आले आणि आम्ही या गल्लीत राहायला लागलो. आप्पांच्या, म्हणजे सोनकांबळ्यांच्या, आणि आमच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती. तिच्यावर कोपरं टेकली की पलीकडचं सगळं दिसे, आणि मला कामं काही फार नव्हती.

आप्पा बिलोलीच्या कोर्टात शिपाई होते. जन्मभर दारात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा केलेला. स्वतः निवृत्त झाले, आवाज मात्र झाला नाही. दूधवाल्याला ते तीनदा पुकारत आणि तिसऱ्या हाकेपर्यंत ओ आली नाही तर "गैरहाजिर!" म्हणून दार लावून घेत. दूधवाला बिचारा पायरीवरच चपला काढत असे.

अशा माणसाला सुनेपुढं मात्र वाचा फुटत नसे. सासऱ्यानं सुनेशी तोंडावर बोलू नये, सांगायचं ते सासूमार्फत सांगावं, ही त्यांच्या मुखेडकडच्या गावची रीत. पण सासू मुलाच्या लग्नाआधीच गेलेली. मुलगा एसटीत ड्रायव्हर, आज नांदेड मुक्काम तर उद्या देगलूर. घरात माणसं दोन आणि मधे निरोप्या कुणी नाही. सुरुवातीला आप्पा खुंटीवरच्या छत्रीशी बोलत. एकदा आमची मांजर उचलून नेली आणि तिला सांगितलं, की सदऱ्याचं बटण तुटलंय. मांजर ओरबाडून पळाली. बटणाबरोबर बाहीही शिवावी लागली.

प्रज्ञा कोकणातली. माहेरून येताना तिनं पदराच्या गाठीत चौधारीच्या बिया आणल्या. चौधारी म्हणजे घेवड्यासारखाच वेल, पण शेंगेला चार धारा आणि प्रत्येक धारेला झालर. बांबूच्या मांडवावर तो आप्पांची बाज आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या बरोबर मधे चढला. एक दिवस त्याला सुतळी बांधता बांधता आप्पा सहज म्हणाले, "बाबा, भूक लागून राहिली." आतून ताट आलं. त्या दिवसापासून वेलाला वकिली मिळाली.

थंडीत शेंगा लागल्या. "शेंगेला कुणी झालर लावतंय काय?" म्हणून आप्पांनी आधी नाक मुरडलं, मग तीनदा भाजी मागून घेतली. मागितली अर्थातच वेलाकडं.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला होता. होळीपर्यंत गल्लीतल्या हापशानं मान टाकली आणि टँकर सुरू झाला. आप्पा आता वेलाच्या बुडाशी दगड टाकून, त्यावर बसून आंघोळ करू लागले. पाहुण्यांनी हात धुवायचे ते वेलावरच, आणि साबण बरखास्त. माझ्या नणंदेला त्यांनी पुरणपोळीचे तुपकट हात राखेनं घासायला लावले. ती अजून नावं ठेवते. मीही तांदूळ धुतलेलं पाणी भिंतीवरून देत असे. पण ऊन असं तापलं, की पानं पिवळी पडून गळाली आणि वेलाची नुसती काथ्याची दोरी राहिली.

"ताई," आप्पा एकदा भिंतीशी येऊन म्हणाले, "ह्यो गेला तर म्या घरात बोलू कुणाशी?"

मला आधी हसू आलं. त्यांचं तोंड बघितलं आणि ते घशातच राहिलं.

वाळक्या काड्यांशी बोलणं त्यांच्यानं होईना. सकाळचे पुकारे बंद झाले. दूधवाला न बोलावता आत येऊन दूध ओतून जाऊ लागला. प्रज्ञा मला म्हणाली, "ताई, मामांचा आवाज नसला की घर खायला उठतं."

"मग तूच बोल की त्यांच्याशी."

"आणि त्यांना नाही आवडलं तर? ते जेवायलाही आत यायचे नाहीत हो."

मग एका सकाळी आप्पा कुदळ घेऊन अंगणात उतरले. आमच्याकडं घेवडा वाळला की उपटून जागा मोकळी करतात, दारात वाळका वेल ठेवत नाहीत. त्यांनी एकेक सुतळी सोडली, मांडवाला टेकून थोडा वेळ उभे राहिले आणि कुदळ उचलली.

"मामा, थांबा! तो मेला नाही!"

प्रज्ञा पिठाच्या हातांनी धावत आली होती. कुदळ वरच राहिली. मी भिंतीला धरून उभी. प्रज्ञानं जीभ चावली, पण तोंडातून गेलेलं आता परत कुठं येणार? ती तशीच पुढं म्हणाली, "खाली कंद असतात, मामा. वरचं वाळतं, खालचं जगतं. पाऊस पडला की फुटेल."

आप्पांनी सवयीनं वेलाकडं पाहिलं. तिथं बोलण्याजोगं काही उरलं नव्हतं. मग ते खाली बसले आणि हातानं माती उकरू लागले. बोटाएवढा एक तपकिरी कंद निघाला. तो धोतराला पुसत त्यांनी विचारलं, "हे खातेत काय?"

विचारलं ते प्रज्ञाकडं बघून.

"भाजून खातात. साल काढून."

"मंग एवढा भाज. बाकीचे राहू दे." त्यांनी माती पुन्हा सारली, हलकेच थापटली. कोर्टाचं आवार दणाणून सोडणारा तो आवाज मला भिंतीपाशी जेमतेम ऐकू आला. "पोरी, मला वाटलं आता तुझं-माझं बोलणं संपलं."

"मी कुठं गेले होते, मामा?" प्रज्ञाचे डोळे भरले. मलाही रडू आलं, आणि मी डोळे पुसले नाहीत.

तिनं कंद चुलीच्या निखाऱ्यात सारला आणि उंबऱ्यात येऊन बसली. "आज संध्याकाळी काय करू जेवायला?"

आप्पा तिच्याकडं वळून म्हणाले, "तुला काय आवडतं गं? एवढ्या दिसांत म्या कधी इचारलंच न्हाई."

प्रज्ञा सांगू लागली. आधी अडखळत, मग हात हलवत. आप्पा मधेमधे "हाव?" म्हणत होते. तिचं सांगणं संपेपर्यंत चुलीतला कंद पार करपला. दोघांनी तो तसाच अर्धा अर्धा करून खाल्ला.